एक्कावन्नाव्या पानावरचा शिक्का

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, दिवाळीचा अंक आहे. पुस्तकांच्या सहवासात गेलेली वर्षं, असं काहीतरी छान लिहा." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. पण ग्रंथपालाच्या नोकरीत लोकांना वाटतो तसला सहवास वगैरे काही नसतो. कपाटांच्या किल्ल्या असतात, वाळवी असते, धुळीच्या शिंका असतात. माझ्या बाबतीत राग असतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे गेले, एका कानानं साथ सोडली, राग मात्र जिथल्या तिथे आहे. तेव्हा गोड काही मिळणार नाही. ज्यांना करंजी हवी असेल त्यांनी पुढच्या लेखाकडे जावं.

नाशिक रोडकडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. आमचे हे प्रेसमध्ये, म्हणजे नोटा छापतात तिथे. नाशिक रोडला 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. तिथे रोज सुटताना झडती. साहेब असो की शिपाई, कागदाचा कपटा बाहेर जाणार नाही. यांना त्याचं काही वाटत नसे. "नियम आहे, सगळ्यांना आहे," एवढंच म्हणायचे. मला हे वाक्य फार आवडायचं, कारण आमच्या कॉलेजात त्याचा पहिला अर्धा भागच शिल्लक होता.

आता थोडा आमचा धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा लायब्ररीत कॉम्प्युटर नव्हते. प्रत्येक पुस्तकाच्या आत एक कार्ड असायचं आणि प्रत्येक विद्यार्थ्याला पुठ्ठ्याची तिकिटं दिलेली असायची. पुस्तक नेलं की त्यातलं कार्ड तुमच्या तिकिटात खोचून आम्ही ते काउंटरवरच्या ट्रेमध्ये ठेवायचो. पुस्तक परत आणलं की तिकीट परत. तिकीट हातात पडलं म्हणजे तुम्ही सुटलात. ते ट्रेमध्ये असेल तर पुस्तक तुमच्याकडेच आहे, मग तुम्ही गंगाघाटावर उभं राहून शपथ घ्या.

हे झालं विद्यार्थ्यांचं. प्राध्यापकांना तिकीटच नव्हतं. ते कपाटापाशी यायचे, पुस्तक काखेत मारायचे आणि दारातून ओरडायचे, "मॅडम, नंतर लिहून ठेवा." काय लिहायचं, कुठलं पुस्तक, ते देवाला माहीत.

दुसरी गोष्ट शिक्क्यांची. नवीन पुस्तक आलं की आम्ही त्याच्यावर तीन ठिकाणी शिक्का मारतो. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या. हे दोन सगळ्यांना दिसतात, आणि पुस्तक ढापणारा माणूस ही दोन पानं ब्लेडनं कापतो. म्हणून तिसरा शिक्का मधल्या एका ठरलेल्या पानावर, आतल्या कोपऱ्यात, शिलाईला लागून. ते पान कोणतं हे ग्रंथपाल आणि त्याचा मदतनीस यांनाच माहीत असतं. प्रत्येक लायब्ररीचं वेगळं. आमचं होतं एक्कावन्नावं. आता ते बदललं असेल. नसेल तर बदला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला यशोदा भोये नावाची मुलगी होती. सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या पाड्यावरची. वसतिगृहात राहायची. घरी भात आणि नागली, पाऊस संपला की अर्धा पाडा मजुरीला बाहेर. शिकली सगळी मराठीतून, आणि एके दिवशी काउंटरवर येऊन माझ्याकडे मागितलं काय, तर न्याय या विषयावरचं परदेशी लेखकाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. पुस्तकाचं नाव मी इथे देत नाही. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. लायब्ररीत त्याची एकच प्रत होती आणि आल्यापासून कुणी हात लावला नव्हता.

मी म्हटलं, "बाई गं, हे एम.ए.वाल्यांनाही झेपत नाही."

"सरांनी वर्गात नाव घेतलं होतं, मॅडम. वाचून बघते."

ती वाचनकक्षाच्या खिडकीशी बसायची. शेजारी शब्दकोश. मी येताजाता बघायचे, पान काही पुढे सरकत नसे. एकदा विचारलं, "किती झालं?"

"एका पानाला दोन दिवस लागतात, मॅडम."

"मग कशाला वाचतेस?"

ती जरा विचार करून म्हणाली, "यात असं लिहिलंय, कोण कुणाच्या पोटी जन्मलं ते काय त्याचं कर्तृत्व नाय. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत हाय. पण हे पुस्तकात लिहावं लागतं, एवढं समजावून सांगावं लागतं, हे मला माहीत नव्हतं."

मी सत्तावीस वर्षं त्या खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत पुस्तकाबद्दल इतकं खरं माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि प्राध्यापक तर मुळीच नाही.

आता सर. राज्यशास्त्राचे. उंच, गोरे, बोलणं रसाळ, व्याख्यानाला टाळ्या ठरलेल्या. साध्या प्राध्यापकानं निळ्या-काळ्या शाईनं लिहावं. हे तेव्हापासूनच हिरवी शाई वापरायचे, मोठ्या साहेबांसारखी. पेपरही हिरव्या शाईनं तपासायचे आणि पुस्तकांच्या समासातही हिरवंच लिहायचे, लायब्ररीच्या सुद्धा. मी दोनदा सांगितलं. ते हसून म्हणाले, "मॅडम, पुस्तक धन्य झालं समजा."

तर एक दिवस यशोदा पुस्तक छातीशी धरून व्हरांड्यातून लायब्ररीकडे येत होती. मुदत भरली होती, पुन्हा लावून घ्यायचं होतं. सर समोरून आले. त्यांना कुठल्याशा शिबिरात न्यायावरच बोलायचं होतं. म्हणाले, "हे तुझ्याकडे आहे होय? दे इकडे. मी लायब्ररीतच चाललोय, जमा करतो." तिनं दिलं. तुम्ही म्हणाल, तिकीट परत घेतल्याशिवाय का दिलं? अहो, सरांनी हात पुढे केल्यावर 'थांबा, आधी माझं तिकीट' असं म्हणणारी पोर सुरगाण्यात काय, नाशकात तरी कुठे जन्माला आली होती? आमच्याकडे सर म्हणाले म्हणजे झालंच. सर लायब्ररीत आलेच नाहीत, पुस्तकही आलं नाही. तिचं तिकीट मात्र माझ्या ट्रेमध्ये तसंच.

परीक्षा झाल्यावर दाखले द्यायच्या वेळी ते निघालं. मी तिला विचारलं, तिनं सांगितलं, मी ताबडतोब सरांकडे गेले. सर म्हणाले, "मला नाही आठवत." प्रकरण प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलं. तेव्हाचे प्राचार्य खुर्चीत, सर त्यांच्या शेजारी खुर्चीत, यशोदा आणि मी उभ्या.

सर म्हणाले, "रोज पन्नास मुलं भेटतात. कुणी काय दिलं ते कसं लक्षात राहणार? आणि मला सांगा, या मुलीला हे पुस्तक वाचता तरी येतं का?"

"येतं," मी म्हटलं. "मी बघितलंय."

प्राचार्यांनी मला विचारलं, "ट्रेमध्ये तिकीट कुणाचं आहे?"

"तिचं. पण सर, एकदा यांच्या केबिनचं कपाट उघडून बघू. पाच मिनिटांचं काम आहे."

"प्राध्यापकांची झडती घ्यायची? काय बोलताय तुम्ही?"

मी त्या दिवशी घरी येऊन यांना सांगितलं, तुमच्या प्रेसमध्ये आमच्या प्राचार्यांना आठ दिवस पाठवा. यांनी जेवण थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलीचं काय होणार आता?" तिचं काय झालं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी पोर्चमधल्या मोठ्या बोर्डावर, काचेच्या आत, सूचना लागली. 'ग्रंथालयाचा मौल्यवान ग्रंथ गहाळ करणारी विद्यार्थिनी.' खाली नाव, वर्ग, आणि नावापुढे कंसात 'सुरगाणा'. मी इतकी वर्षं सूचना बघत होते. शुल्क थकवणारे, गैरहजर राहणारे, मारामारी करणारे, सगळ्यांची नावं त्या बोर्डावर लागायची. कुणाच्याही नावापुढे गाव लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. ते त्या एकाच नावापुढे लिहिलं होतं. मी ऑफिसात जाऊन भांडले. हेडक्लार्क म्हणाले, "ओळख पटावी म्हणून." त्या नावाची दुसरी मुलगी अख्ख्या कॉलेजात नव्हती.

तिचे वडील आले. जीपनं सुरगाण्यापर्यंत, तिथून एस.टी.नं. भरपाईचे पैसे आणले होते, ते कुठून आणले ते मी विचारलं नाही. प्राचार्यांना म्हणाले, "पैसं घ्या, साहेब. पण तो कागद काढा. पोरीनं घेतलं नाय."

प्राचार्य म्हणाले, "भरपाई भरताय म्हणजे चूक कबूल आहे ना? मग कागदाचा प्रश्न येतो कुठे?"

म्हाताऱ्यानं पैसे टेबलावर ठेवले. मीही तिथेच होते. माझ्या तोंडून जे निघालं त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो मी दिला आणि त्यात एक शब्द मागे घेतला नाही. सूचना पंधरा दिवस राहिली. दाखला मिळाला तोवर पुण्याचे एम.ए.चे प्रवेश बंद झाले होते. वसतिगृहात तिच्याच तालुक्यातल्या मुली होत्या, त्यांच्याबरोबर ही बातमी तिच्या आधी गावी पोहोचली. यशोदा गेली. जाताना लायब्ररीत आली, माझ्या पाया पडली आणि एवढंच म्हणाली, "तुम्हाला माहीत हाय ना, मॅडम?" मला माहीत असून काय उपयोग होता?

मध्ये आठ-नऊ वर्षं गेली. सर वर चढत गेले. आधी विभागप्रमुख, मग उपप्राचार्य. गंगापूर रोडला बंगला झाला. मी माझ्या वाळवीशी लढत होते.

मग इंटरनेट आलं. कॉलेजात राज्यशास्त्राचा एम.ए.चा वर्ग सुरू झाला आणि नवीन आलेल्या तरुण प्राध्यापिकेनं तेच न्यायाचं पुस्तक मागितलं, दोन प्रती. मी नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. नेहमीच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मी मुंबईला सांगणार, मुंबईवाला दिल्लीला सांगणार, दिल्लीवाला परदेशात. दिवाळीनंतर विचारा." कुठल्या दिवाळीनंतर ते त्यानं सांगितलं नाही. शेवटी माझ्या पुण्याच्या भाच्यानं मला एक वेबसाइट दाखवली. बघते तर त्या एका पुस्तकाचे ढिगानं विक्रेते. 'नवीन', 'वापरलेले – उत्तम', 'वापरलेले – बरे', 'वापरलेले – चालेल'. पुढे प्रत्येकानं आपल्या प्रतीचे गुणदोष लिहिलेले. कोपरा दुमडला आहे, कव्हरवर चहाचा डाग आहे, मागच्या मालकाचं नाव आहे. लग्नाच्या स्थळांनी इतकं खरं लिहिलं असतं तर निम्मी घरं सुखी झाली असती.

कॉलेजच्या नियमानुसार तीन दुकानदारांची दरपत्रकं लागतात. मी त्याच वेबसाइटवरच्या तीन विक्रेत्यांची पानं छापून जोडली. पुढे लेखापरीक्षक आले ते तिथे अडले.

"वापरलेलं म्हणजे? कुणी वापरलेलं?"

"वाचलेलं, साहेब."

"एकदा वाचून झालेलं पुस्तक आपण कशाला घ्यायचं?"

लायब्ररी म्हणजे काय असतं, हे मी त्यांना चहा पाजून समजावलं. तर खरेदी समितीनं एक प्रत नवीन आणि एक वापरलेली घ्यायला मंजुरी दिली आणि मी भाच्याच्या कार्डावरून मागवली.

नवीन प्रत आधी आली. वेष्टन झकास, प्लॅस्टिक चकचकीत. आत कागद असा की मागची अक्षरं पुढून वाचता यावीत, आणि सातवं प्रकरण दोनदा, आठवं गायब. चोरून छापलेली प्रत. विक्रेत्याच्या नावापुढे पाच तारे होते.

आठवड्यानं वापरलेली प्रत आली, मुंबईच्या एका विक्रेत्याकडून. वर्णन होतं, 'वापरलेले – बरे. समासात टिपणे. सुरुवातीचे पान नाही.' कुठलंही पुस्तक दाखल करण्याआधी मी त्याचं पान न् पान उलटून बघते, ती आमची शिस्तच आहे. पहिलं पान कापलेलं, शेवटचंही कापलेलं. ब्लेडनं, अगदी सरळ. ते पाहूनच मला संशय यायला हवा होता, पण जुन्या बाजारात असली पुस्तकं येतातच. मी उलटत गेले. समासात हिरवी शाई दिसली. मग एक्कावन्नावं पान. आतल्या कोपऱ्यात, शिलाईला लागून, आमच्या कॉलेजचा लंबगोल जांभळा शिक्का. खाली दाखल क्रमांक, माझ्या अक्षरात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते हेच. आमच्या कपाटातलं पुस्तक नाशिकहून मुंबईला गेलं आणि भाच्याचं कार्ड घासून पुन्हा माझ्याच टेबलावर आलं. नवीन म्हणून घेतलं ते खोटं निघालं आणि जुनं म्हणून घेतलं ते आमचंच.

पण मी चष्मा पुसून पुन्हा बघत राहिले ते यासाठी नाही. त्या हिरव्या शाईच्या खाली, इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर, बारीक पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले होते. ते अक्षर मी ओळखलं. ओळीमागून ओळ, पानामागून पान ती पेन्सिल चालत गेली होती आणि ऐंशीच्या आसपास एका परिच्छेदाच्या मधेच थांबली होती. तिथे तिच्या हातातून पुस्तक घेतलं गेलं. पुढे हिरवं होतं, तेही दहा-बारा पानं. त्यानंतरची चारशे पानं कोरी. सरांनीही तेवढंच वाचलं होतं.

सर तेव्हा प्रभारी प्राचार्य झाले होते. मी पुस्तक घेऊन केबिनमध्ये गेले आणि एक्कावन्नावं पान उघडून समोर ठेवलं. मला वाटलं होतं नाकारतील, संतापतील, निदान चेहरा तरी उतरेल. त्यांनी पान पाहिलं, समास पाहिला आणि म्हणाले, "अरेच्चा. हे माझ्याकडे राहिलं होतं वाटतं. घर बदललं तेव्हा मिसेसनी रद्दीत दिलं असणार. बरं झालं मिळालं."

"सर, यशोदा भोये."

"कोण?"

हा एकाक्षरी नव्हे, पण एका शब्दाचा प्रश्न मी आयुष्यात विसरणार नाही. मी आठवण करून दिली. बोर्ड, सूचना, भरपाई, वडील.

"हां, हां, ती सुरगाण्याची. लागली असेल ना कुठेतरी नोकरीला? त्यांना लागते लगेच. मग झालं तर. पुस्तक मिळालं, विषय संपला."

मी म्हटलं, "सूचना काढा, सर. ज्या बोर्डावर तिचं नाव लागलं तिथेच लावा, की ती निर्दोष होती."

"इतक्या जुन्या प्रकरणावर? मॅडम, तुमच्या निवृत्तीला किती महिने राहिलेत? शांततेत काढा ना."

मी लेखी अर्ज दिला. अर्ज ग्रंथालय समितीकडे गेला. समितीचे अध्यक्ष तेच.

मग मी सुरगाण्याला गेले. यशोदा एका आश्रमशाळेत शिक्षिका होती, बी.एड. करून लागलेली. एस.टी., मग जीप, मग थोडं चालत. ती वर्गावर होती. मला पाहून धावत आली, मुलं दारात गोळा झाली. मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं, पेन्सिलीची अक्षरं बघितली, आणि मला काय सुचावं? मी म्हटलं, "लायब्ररीच्या पुस्तकावर पेन्सिल लावायची नाही, हे तुला सांगितलं होतं मी." ती हसली आणि मग रडायला लागली, आणि मुलं घाबरून आत पळाली.

सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "भरपाई तुम्ही भरलीत, हे पुस्तक तुझं आहे. ठेव. कॉलेजचं मी बघते."

तिनं ते मिटून माझ्याकडे परत दिलं. "मला पुस्तक नको, मॅडम. अजून आमच्याकडं कुणाचं काही हरवलं ना, मोबाइल म्हणा, पाटी म्हणा, की कुणीतरी माझ्याकडं बघून हसतं. मस्करीत हसतात, पण हसतात. बाबा आता कुठं बसायला जात नाहीत. बोर्डावर नाव लागलं होतं ना माझं? त्याच बोर्डावर लागू द्या. तशीच सही, तसाच शिक्का."

मी तिला हो म्हणून आले. येताना जीपमध्ये माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, सही कशी मिळवायची.

उत्तर सरांच्या सवयीतच होतं. दर शनिवारी सह्यांची फाईल त्यांच्यासमोर जायची. वेळापत्रक, रजा, सूचना, बिलं, सगळं एकात. जिथे सही करायची तिथे कारकून पिवळी चिठ्ठी लावायचा. सर फोनवर बोलत बोलत पिवळ्या चिठ्ठ्यांच्या मागे सह्या करत जायचे. वरचा मजकूर ते कधीच वाचत नसत. माझ्या नोकरीच्या शेवटच्या शनिवारी मी माझ्या सूचना फाईलला लावल्या. वाचनकक्षाची वेळ, मग यशोदाची सूचना दोन प्रतींत, मग दंडाची सूचना. मजकूर असा होता: 'न्याय या विषयावरील ग्रंथ गहाळ केल्याबद्दल यशोदा भोये यांच्या नावे पूर्वी लावलेली सूचना चुकीची होती. त्यांनी ग्रंथ वेळेत परत दिला होता. तो एका प्राध्यापकांकडे राहिला व पुढे त्यांच्या घरून रद्दीत गेला. महाविद्यालय यशोदा भोये यांची व त्यांच्या वडिलांची माफी मागत आहे.' यातला शब्द न् शब्द खरा होता. सरांचं नाव मी लिहिलं नाही, कारण न वाचणारा माणूससुद्धा कागदावर स्वतःचं नाव लगेच ओळखतो. फाईल परत आली. दोन्ही प्रतींवर हिरवी सही. ऑफिसनं त्यावर गोल शिक्का मारला, सही असली की ते शिक्का मारतातच.

माझ्या शेवटच्या दिवशी, कॉलेज भरायच्या आधी, मी ती स्वतः बोर्डावर लावली. यशोदाला आश्रमशाळेच्या फोनवर आधीच कळवलं होतं. ती वडिलांना घेऊन आली. म्हातारा खूप वाकला होता. धुतलेलं धोतर, नवी टोपी. पोर्चमध्ये मुलामुलींची गर्दी होती. यशोदा बोर्डासमोर उभी राहिली आणि शिक्षिकेच्या आवाजात, वर्गात वाचतात तसं, वडिलांना सगळी सूचना वाचून दाखवली.  तिनं 'माफी' हा शब्द वाचला तेव्हा म्हाताऱ्यानं काचेला हात लावला.

तेवढ्यात सर केबिनमधून बाहेर आले. गर्दी पाहून पुढे झाले आणि त्यांनी ती सूचना पहिल्यांदाच वाचली.

"हे कुणी लावलं?"

"मी," म्हटलं. "तुमच्या सहीनं."

त्यांनी सही पाहिली. एवढ्या पोरांदेखत ती नाकारता येत नव्हती. आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या मला भेटा."

"उद्या मी निवृत्त आहे, सर."

मला वाटलं, झालं. वाटलं की आता राग निवेल. पण म्हातारा माझ्याकडे वळला. सर कोण हे त्याला आठवत होतं की नाही, मला सांगता येत नाही. त्यानं कागदाकडे बोट केलं.

"बाई, ज्यानं नेलं त्याचं नाव कुठं हाय?"

 सर मागे वळून केबिनकडे चालू लागले.

"माझ्या पोरीचं लिवलं होतं तवा गाव बी लिवलं होतं," तो म्हणाला.

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला, नाव लिहिलं असतं तर सही मिळाली नसती. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली. दुपारी माझ्या निरोपसमारंभात सरांनी माझ्यावर वीस मिनिटं उत्तम भाषण केलं. दुसऱ्या दिवशी सूचना बोर्डावरून गेली. दुसरी प्रत यशोदाच्या घरात फ्रेम करून लावलेली आहे. सरांना पुढे पुरस्कार मिळाले, सत्कार झाले, अजून होतात. त्यांना कुणीही काही विचारलं नाही.

म्हणून या लेखात मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं, गावासकट. संपादकांचा फोन आला. "मॅडम, लेख उत्तम आहे, पण नाव काढावं लागेल. उद्या वकिलाची नोटीस आली तर? नियम आहे हो, सगळ्यांना आहे." नाव काढलं. मग त्यांनी विचारलं, मुलीचंही नाव बदलायचं का? मी यशोदाला फोन लावला. ती म्हणाली, नाव बदलू नका, मॅडम, आणि पुढे कंसात गावही लिहा.

लिहिते. यशोदा भोये (सुरगाणा).